सुपरवायझर नेमकी कुठली फाइल वाचतो? मुळापासून शोधायची रीत

मे महिन्यात सकाळी साडेसहाला रावेरहून मावसभावाचा फोन आला. राम राम नाही, काही नाही, एकदम "भाऊ, ती फाइल कोठे शे?" तो तिथल्या एका केळी व्यापाऱ्याचं छोटंसं सॉफ्टवेअर सांभाळतो. रोज सकाळी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर केळीचा भाव जातो. ते मेसेज पाठवणारा पायथनचा प्रोग्राम उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याची राखण सुपरवायझर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. आदल्या रात्री याने प्रोग्रामची नवी प्रत /होम मधून काढून /एसआरव्ही मध्ये ठेवली, सुपरवायझरच्या फाइलमध्ये नवा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, लिहिला आणि सर्व्हिस रिस्टार्ट केली. एरर नाही, सर्व्हिस हिरवी. सकाळी मेसेज गेले ते जुन्या फोल्डरमधून, जुन्याच नमुन्यात.

त्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. फक्त ती फाइल कोणी वाचतच नव्हतं.

तो टर्मिनलसमोर आणि मी अमळनेरात अंगणात, हातात दात घासायचा ब्रश. सगळं तोंडी सांगत गेलो: स्लॅश ईटीसी, स्लॅश सुपरवायझर, डॅश सी. तेच सांगणं इथे नीट, थोडं वाढवून लिहिलंय. म्हणून कमांड आणि पाथ फोनवर बोलावेत तसे उच्चाराप्रमाणे देवनागरीतच ठेवलेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. ईटीसी, सीटीएल, टीएमपी, यूएसआर, एसआरव्ही ही सुटी अक्षरं समजा. प्रोसेसचं नाव सुपरवायझरडी, म्हणजे सुपरवायझरला शेवटी डी जोडलेला. आणि सुपरवायझरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ओ-आर येतं, ई-आर नाही. फोनवरची निम्मी भांडणं या एका अक्षरापायी होतात.

आधी दोन भाग ओळखून घ्या

सुपरवायझर हा पायथनमध्ये लिहिलेला प्रोसेस मॅनेजर. तुमचा प्रोग्राम तो आपलं पोर म्हणून सुरू करतो, पडला तर उठवतो, त्याचं आउटपुट लॉगमध्ये धरून ठेवतो. त्याचे दोन भाग असतात. सुपरवायझरडी हा पाठीमागे कायम चालणारा, खरं काम करणारा. सुपरवायझरसीटीएल हा आपण टर्मिनलवरून त्याच्याशी बोलायला वापरतो तो.

हे दोघं आपापली कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, स्वतंत्रपणे शोधतात. एकाने एक फाइल उचलली म्हणून दुसरा तीच उचलेल असं अजिबात नाही. रावेरचा घोळ इथूनच सुरू झाला होता, पण त्यावर येतो, क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: चालू प्रोसेसलाच विचारा

लोक आधी फाइंड कमांड चालवून सुपरवायझरडी.कॉन्फ नावाच्या सगळ्या फाइली शोधतात. सापडतात तीन-चार. मग त्यातली जी जास्त भरलेली दिसते ती खरी मानतात. हा रस्ता सोडा. डिस्कवर कुठल्या फाइली पडल्यात यापेक्षा, चालू असलेली प्रोसेस कुठली फाइल घेऊन उठली हे महत्त्वाचं, आणि ते सहसा एका ओळीत कळतं:

पीएस -ईएफ | ग्रेप सुपरवायझरडी

उबुंटूवर पॅकेजमधून बसवलेला सुपरवायझर असेल तर साधारण अशी ओळ येते:

/यूएसआर/बिन/पायथन३ /यूएसआर/बिन/सुपरवायझरडी -एन -सी /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ

डॅश सीच्या पुढे जे लिहिलंय ती तुमची फाइल. शोध तिथेच संपला. डॅश एन म्हणजे 'पार्श्वभूमीत जाऊ नको, समोरच चाल'. उबुंटूत सर्व्हिस सिस्टिमडीने (सर्व्हर उठताच सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या लिनक्सच्या भागाने) सुरू केली असेल तर तो असतोच.

ओळीच्या सुरुवातीला प्रोसेस क्रमांकही दिसतो, तो टिपून ठेवा, पुढे लागेल. सुपरवायझरसीटीएल नीट चालत असेल तर "सुपरवायझरसीटीएल पीआयडी" एवढं म्हटलं तरी तोच क्रमांक मिळतो. ओळ लांब असल्याने कापली जात असेल तर "/प्रॉक/क्रमांक/सीएमडीलाइन" ही फाइल वाचा. त्यात शब्दांमध्ये जागा नसते, सगळं चिकटून येतं, घाबरू नका.

आमच्या फोनवरची पहिली पाच मिनिटं इथेच गेली. मी म्हटलं, "डॅश सीपुढे काय आहे वाच." तो वाचतो, "स्लॅश ईटीसी, स्लॅश सुपरवायझर, स्लॅश सुपरवायझरडी डॉट कॉन्फ." मी विचारलं, "आणि रात्री तू बदललीस ती?" थोडा वेळ गप्प. मग, "स्लॅश ईटीसी, स्लॅश सुपरवायझरडी डॉट कॉन्फ." मधला फोल्डर गायब.

दुसरी पायरी: त्याला सुरू कोण करतं ते बघा

प्रोसेस आत्ता कुठली फाइल घेऊन चाललीय ते कळलं. पण उद्या वीज जाऊन सर्व्हर पुन्हा उठला, तर तेव्हा कुठली घेईल? ऑफिसातल्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरला आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा प्रश्न रोजचाच. कोणीतरी कधीतरी हाताने सुरू केलेली प्रोसेस वेगळ्या फाइलवर चालत असते आणि सर्व्हिस वेगळ्या फाइलवर उठते, असंही होतं. म्हणून:

सिस्टिमसीटीएल कॅट सुपरवायझर

याने सर्व्हिसची फाइल छापली जाते. पहिल्या ओळीत तिचा स्वतःचा पाथ, आणि खाली एक्झेकस्टार्टच्या ओळीत तोच डॅश सी. कोणी वरून दुरुस्तीची तुकडा-फाइल लावली असेल तर तीही याच आउटपुटमध्ये खाली दिसते. म्हणून सर्व्हिसची फाइल एडिटरने उघडण्यापेक्षा ही कमांड बरी.

नावात एक खोच आहे. डेबियन आणि उबुंटूत सर्व्हिसचं नाव सुपरवायझर. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरेंवर एपेल या जादा पॅकेजच्या भांडारातून बसवला तर सर्व्हिसचं नाव सुपरवायझरडी. एका सर्व्हरवरची सवय दुसऱ्यावर नेली की 'युनिट सापडलं नाही' असं उत्तर येतं आणि माणसाला वाटतं सुपरवायझर बसवलेलाच नाही.

फाइलची जागाही या दोन घराण्यांत वेगळी. डेबियन-उबुंटूत /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ. रेड हॅटकडे थेट /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ, मध्ये फोल्डर नाही. मावसभावाने ज्या कुठल्या लेखावरून फाइल बदलली तो दुसऱ्या घराण्यासाठी लिहिलेला होता.

तिसरी पायरी: डॅश सी नसेलच तर

हाताने नुसतं "सुपरवायझरडी" असं चालवलं की तो सहा ठिकाणी फाइल शोधतो, आणि पहिली सापडेल ती घेऊन थांबतो. सहाही फाइली एकत्र करत नाही. क्रम असा:

१. आपल्या प्रोग्रामच्या बिन फोल्डरच्या एक पायरी वर, तिथल्या ईटीसी फोल्डरमधली सुपरवायझरडी.कॉन्फ
२. तिथेच, ईटीसीशिवाय, थेट सुपरवायझरडी.कॉन्फ
३. तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथली सुपरवायझरडी.कॉन्फ
४. त्याच फोल्डरातल्या ईटीसी या उपफोल्डरमधली
५. /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ
६. /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ

पहिल्या दोन जागा कागदावर विचित्र वाटतात, उदाहरणाने उलगडतात. सुपरवायझर /यूएसआर/बिन मध्ये असेल तर पहिली जागा होते /यूएसआर/ईटीसी. तिथे सहसा काहीच नसतं. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) बसवलेला /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असेल तर /यूएसआर/लोकल/ईटीसी. आणि पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हमधून (एका कामापुरत्या वेगळ्या पायथनमधून) चालवला तर त्या एन्व्हच्याच फोल्डरमधलं ईटीसी. म्हणजे एकाच सर्व्हरवर एन्व्ह चालू करून आणि न करता तीच कमांड दिली तर दोन वेगळ्या फाइली उचलल्या जाऊ शकतात.

सहावी जागा मूळ सुपरवायझरमध्ये ३.३.० या आवृत्तीपासून आली. त्याआधी ती डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये वरून जोडलेली असायची. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर पिपने बसवलेली जुनी आवृत्ती उबुंटूची नेहमीची फाइल समोर असूनही 'सापडत नाही' म्हणते. असे सर्व्हर आता कमी उरलेत, पण एकदा बसवून विसरलेले अजून कुठे कुठे चालू असतात.

तिसरी आणि चौथी जागा मला सर्वांत धोक्याची वाटते. तुम्ही कुठे उभे आहात यावर फाइल ठरणार! रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवताना हे तर फारच वाईट: त्या फोल्डरमध्ये कोणीही सुपरवायझरडी.कॉन्फ ठेवली, तर त्यातले प्रोग्राम रूटच्या अधिकाराने सुरू होतील. सुपरवायझर स्वतःही हे जाणतो. रूट म्हणून डॅश सीशिवाय सुरू केला की इशारा देतो, की मी फाइल ठरावीक जागांवर शोधतोय, त्यात चालू फोल्डरही आहे, तुम्ही पूर्ण पाथ दिलात तर बरं. आपण तो इशारा वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता समजा डॅश सी नाही, आणि प्रोसेस आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी सुरू केलेली. ती तेव्हा कुठल्या फोल्डरमधून सुरू झाली?

एलएस -एल /प्रॉक/क्रमांक/सीडब्ल्यूडी

बाणापुढे जो फोल्डर दिसतो तो प्रोसेसचा चालू फोल्डर. कॉन्फिगमध्ये वेगळा डिरेक्टरी पाथ दिलेला नसेल तर सुपरवायझर सुरू झालेल्या फोल्डरमध्येच राहतो. तिथून वरच्या सहा जागा क्रमाने तपासा. डॅश सीपुढे अर्धाच पाथ दिलेला असेल, तर तोही याच फोल्डरपासून मोजायचा.

चौथी पायरी: सुपरवायझरसीटीएल तुम्हाला फसवतो तो असा

रावेरच्या सर्व्हरवर दोन्ही फाइली होत्या. खरी, म्हणजे मधल्या फोल्डरमधली, पॅकेजने आणलेली. दुसरी /ईटीसी मध्ये थेट. ती कुठून आली? सुपरवायझरसोबत "एको_सुपरवायझरडी_कॉन्फ" नावाची कमांड येते, ती नमुना फाइल स्क्रीनवर छापते. आउटपुट फाइलमध्ये वळवून /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ तयार करा, असं कित्येक लेखांत सांगितलेलं असतं. पिपने बसवलेल्यांना ते योग्यच आहे, कारण पिप कॉन्फिग फाइल देतच नाही. पण पॅकेजने बसवलेल्या उबुंटूवर कोणीतरी तेच केलं, आणि एक तोतया फाइल कायमची बसली.

आता काय होतं बघा. सर्व्हिस सुरू करताना डॅश सी दिलेला, त्यामुळे सुपरवायझरडी खरी फाइल वाचतो. आपण मात्र टर्मिनलवर नुसतं "सुपरवायझरसीटीएल स्टेटस" म्हणतो. त्याला डॅश सी नाही, तो सहा जागांच्या यादीने निघतो, आणि पाचव्या जागेवर तोतया त्याला भेटतो. सहाव्या जागेपर्यंत तो पोचतच नाही.

सीटीएल आणि सुपरवायझरडी एकमेकांशी ज्या दारातून बोलतात ते सॉकेट. नमुना फाइलमध्ये सॉकेटचा पाथ असतो /टीएमपी/सुपरवायझर.सॉक. उबुंटूच्या फाइलमध्ये असतो /व्हार/रन/सुपरवायझर.सॉक. सीटीएल टीएमपीमध्ये सॉकेट शोधतो, तिथे काहीच नाही, आणि म्हणतो 'अशी फाइल नाही'. माणूस समजतो सुपरवायझर बंद आहे. मग सर्व्हिस रिस्टार्ट करतो, ती हिरवी दिसते, सीटीएल तरीही रडतो. मावसभावाला हा एरर महिनाभर येत होता. त्याने सीटीएल वापरणंच सोडलं होतं आणि सगळी कामं सर्व्हिस रिस्टार्टवर चालवत होता. दुखणं जुनं होतं, ताप काल आला.

म्हणून एररमधल्या सॉकेटचा पाथ नीट वाचायची सवय लावा. टीएमपी दिसलं आणि सर्व्हर उबुंटू असेल, तर तोतया फाइल वाचली जातेय हे जवळपास नक्की. खातरी करायला एकदा पूर्ण पाथ देऊन बघा:

सूडो सुपरवायझरसीटीएल -सी /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ स्टेटस

यादी आली की निदान पक्कं. तोतया लगेच पुसू नका. त्यात रात्री लिहिलेली नवी ओळ आहे, आणखी कोणी काही लिहिलेलं असू शकतं. नाव बदलून बाजूला ठेवा, मागे ".जुनी" असं काही जोडून. नाव बदलताच सीटीएल सहाव्या जागेवर पोचतो आणि डॅश सी न देताही खऱ्याशी बोलू लागतो.

हट्टी प्रकरण असेल, म्हणजे नेमकी कुठली फाइल उचलली जातेय हे डोळ्यांनीच बघायचं असेल, तर एसट्रेस (प्रोग्राम कुठल्या फाइलींना हात लावतो ते दाखवणारी कमांड) वापरा:

सूडो एसट्रेस -एफ -ई ट्रेस=फाइल सुपरवायझरसीटीएल स्टेटस

आउटपुटचा पूर येतो. त्यात सुपरवायझरडी.कॉन्फ शोधा, एकामागून एक जागा तपासल्याच्या ओळी दिसतात आणि कुठे थांबला तेही. सीटीएल हा फक्त बोलणारा भाग असल्याने त्यावर एसट्रेस लावल्याने चालू कामाला धक्का लागत नाही.

पाचवी पायरी: मुख्य फाइल सापडली, पण प्रोग्राम तिच्यात नाही

खरी फाइल उघडली की बहुतेकांची निराशा होते. वीस-पंचवीस ओळी, आणि आपल्या प्रोग्रामचा पत्ता नाही. शेवटी इन्क्लूड नावाचा विभाग असतो, त्यात फाइल्स ही ओळ. खरा माल त्या ओळीने दाखवलेल्या फोल्डरमध्ये. उबुंटूत ती ओळ म्हणते /ईटीसी/सुपरवायझर/कॉन्फ.डी मधल्या डॉट कॉन्फने संपणाऱ्या सगळ्या फाइली. रेड हॅटकडे म्हणते सुपरवायझरडी.डी मधल्या डॉट आयएनआयने संपणाऱ्या. तिथे पाथ अर्धा दिलेला असतो, तो मुख्य फाइल जिथे आहे तिथपासून मोजायचा.

शेपटाकडे लक्ष द्या: एकीकडे कॉन्फ, दुसरीकडे आयएनआय. मावसभावाने खरा फोल्डर कळल्यावर उत्साहाने तिथे भाव-वर्कर.आयएनआय अशी नवी फाइल बनवली, कारण तोच जुना लेख समोर. सुपरवायझरने ती बघितलीही नाही. नमुन्यात न बसणारी फाइल तो गुपचूप सोडून देतो. नमुन्यात एकही फाइल बसली नाही तर नव्या आवृत्त्या लॉगमध्ये तसा इशारा देतात, पण इथे बसणारी एक जुनी फाइल होती, त्यामुळे इशाराही नाही. आणि ती जुनी फाइलच सकाळी जुना प्रोग्राम चालवत होती. नवी आयएनआय पुसून, जुन्या कॉन्फमधलाच पाथ बदलायला सांगितलं.

कुठल्या तुकडा-फाइली वाचल्या गेल्या याचा पुरावा लॉगमध्ये असतो, आणि हा माझ्या मते सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. सुपरवायझरडी सुरू होताना प्रत्येक जोडलेल्या फाइलची एक ओळ लिहितो, 'इन्क्लूडेड एक्स्ट्रा फाइल' आणि पुढे तिचा पूर्ण पाथ. उबुंटूत लॉग /व्हार/लॉग/सुपरवायझर/सुपरवायझरडी.लॉग इथे. त्यात ग्रेपने 'इन्क्लूडेड' शोधा. पिपच्या नमुना फाइलवर चालत असेल तर लॉग /टीएमपी/सुपरवायझरडी.लॉग मध्ये सापडेल. लॉगची जागाच ठाऊक नसेल तर "सुपरवायझरसीटीएल मेनटेल" म्हणा, तो मुख्य लॉगचं शेपूट दाखवतो.

लॉगमधली वेळ बघताना एक ध्यानात असू द्या: भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी साडेसहाचा घोळ लॉगमध्ये रात्री एकचा दिसतो.

जोडलेल्या फाइलीच्या आत पुन्हा इन्क्लूड लिहिलेलं चालत नाही.

सहावी पायरी: खरंच हीच का, याची परीक्षा

फाइल सापडली असं वाटलं तरी एकदा पारखून घ्या. माझी पद्धत अशी. संशयित फाइलमध्ये प्रोग्रामच्या विभागात एखादी निरुपद्रवी किंमत बदला. उदाहरणार्थ स्टार्टसेक्स, जी मुळात १ असते, ती २ करा. मग:

सूडो सुपरवायझरसीटीएल रीरीड

रीरीड फक्त फाइल पुन्हा वाचतो आणि काय बदललं ते सांगतो, चालू प्रोग्रामला हात लावत नाही. म्हणून भर कामाच्या वेळीही चालवायला हरकत नाही. प्रोग्रामच्या नावापुढे 'चेंज्ड' आलं तर फाइल खरी. नवा प्रोग्राम जोडला असेल तर 'अव्हेलेबल' येतं, काढला असेल तर 'डिसअपिअर्ड'. 'नो कॉन्फिग अपडेट्स' आलं तर तुम्ही अजून तोतयाच्याच घरात आहात. फाइलमध्ये चूक असेल तर रीरीड नकार देतो, पण चालू कामं चालूच राहतात. तीच चुकीची फाइल घेऊन सर्व्हिस रिस्टार्ट केली असती तर सगळंच खाली आलं असतं. रिस्टार्टआधी रीरीड हा नियम मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. एका दिवाळीत अर्धा दिवस एका दुकानाची बिलिंग बंद पाडली होती, ती एका सुट्या टक्क्याच्या चिन्हामुळे. सुपरवायझरच्या फाइलमध्ये टक्का लिहायचा तर दोनदा लिहावा लागतो. पासवर्डमध्ये टक्का असलेल्यांनी विशेष जपावं.

रीरीडनंतर:

सूडो सुपरवायझरसीटीएल अपडेट

हा बदल लागू करतो, आणि ज्यांच्यात बदल झाला तेवढेच प्रोग्राम पुन्हा सुरू करतो. "सुपरवायझरसीटीएल रिस्टार्ट अमुक" याने मात्र फाइल वाचली जात नाही, जुन्याच माहितीवर प्रोग्राम बंद-चालू होतो. नावाला भुलून कितीजण इथे तास घालवतात! सॉकेट, लॉगची जागा असं सुपरवायझरडीचं स्वतःचं काही बदललं असेल तर रीरीड-अपडेट पुरत नाही, पूर्ण सर्व्हिसच रिस्टार्ट करावी लागते.

सर्व्हरवर दोन सुपरवायझर असण्याची शक्यताही तपासा, एक पॅकेजचा, एक पिपचा. "विच -ए सुपरवायझरडी" /यूएसआर/बिन आणि /यूएसआर/लोकल/बिन अशा दोन्ही ओळी देत असेल तर आहेतच. नुसती /बिन ची जादा ओळ मोजू नका, नव्या उबुंटूत ती /यूएसआर/बिन चीच दुसरी वाट असते.

मूळ फाइल हवी असेल तर

कोणीतरी फाइल पुसून टाकली किंवा इतकी बिघडवली की मूळ कशी होती ते बघायचंय. पॅकेजने काय काय आणलं ते उबुंटूत "डीपीकेजी -एल सुपरवायझर" सांगतो, यातलं एल मोठं. रेड हॅटकडे "आरपीएम -क्यूसी सुपरवायझर" फक्त कॉन्फिग फाइलींची यादी देतो, ते जास्त सोयीचं.

पुसलेली कॉन्फिग फाइल डेबियन-उबुंटूत पॅकेज पुन्हा बसवलं तरी परत येत नाही. तुम्ही ती मुद्दाम काढली असं डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, धरून चालतो. ती हवीच असेल तर रीइन्स्टॉल करताना डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय द्यावा लागतो. एको कमांडचा नमुना त्या जागी चिकटवू नका. त्यात सॉकेट आणि लॉग टीएमपीत असतात आणि इन्क्लूडचा विभाग अर्धविरामाने बंद केलेला असतो, म्हणजे कॉन्फ.डी मधलं काहीच वाचलं जाणार नाही.

हीच रीत बाकीच्यांना

पीएचपीच्या वेबसाइट चालवणारा पीएचपी-एफपीएम त्या मानाने सज्जन आहे. पीएसच्या यादीत त्याच्या मास्टर प्रोसेसच्या नावातच कॉन्फिगचा पाथ लिहिलेला असतो. नाहीतर एफपीएमला डॅश टी देऊन चालवा. फाइल बरोबर आहे का ते तपासताना तिचा पाथही सांगतो. उबुंटूत कमांडच्या नावाला आवृत्ती चिकटलेली असते, २२.०४ वर ८.१, २४.०४ वर ८.३. फाइल /ईटीसी/पीएचपी/आवृत्ती/एफपीएम मध्ये आणि पूलच्या फाइली तिथल्याच पूल.डी मध्ये. रेड हॅटकडे /ईटीसी/पीएचपी-एफपीएम.कॉन्फ आणि पीएचपी-एफपीएम.डी. फसगत होते ती पीएचपी.आयएनआयची: टर्मिनलवर "पीएचपी --आयएनआय" म्हटलं की टर्मिनलवाल्या पीएचपीची फाइल दिसते, वेबसाइटची नव्हे. अपलोडची मर्यादा २ एमबीवरून वाढवली आणि वेबसाइटला पत्ताच नाही, त्याचं कारण हेच. वेबसाइटमधून पीएचपीइन्फो चालवून 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' ही ओळ बघा, आणि काम झालं की ते पान काढून टाका.

नोडवाल्यांचा प्रोसेस मॅनेजर पीएम२ आपला सगळा संसार वापरकर्त्याच्या होममधल्या डॉट पीएम२ फोल्डरमध्ये ठेवतो. सूडो लावून चालवला की रूटचा वेगळा संसार उभा राहतो. यादी रिकामी दिसली तर आधी 'हू-अ‍ॅम-आय' विचारा.

सिस्टिमडीच्या स्वतःच्या युनिट फाइली, म्हणजे सर्व्हिसच्या फाइली, तीन थरांत असतात. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम सर्वांत वरचढ, मग /रन मधला, मग पॅकेजचा /यूएसआर/लिब मधला. वरच्या थरातली त्याच नावाची फाइल खालचीला झाकते. कुठे काय झाकलंय ते "सिस्टिमडी-डेल्टा" दाखवतो.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, चालणारी प्रोसेस बाहेरच्या पीएसमध्ये दिसते, पण तिचा पाथ कंटेनरच्या आतला असतो. बाहेरच्या /ईटीसी मध्ये तो शोधून उपयोग नाही. "/प्रॉक/क्रमांक/रूट" या पाथच्या पुढे तो जोडा, म्हणजे बाहेरूनच आतली फाइल वाचता येते.

नोंद करून ठेवा

रावेरचं काम सव्वासातला आटोपलं. फोन ठेवण्याआधी त्याच्याकडून सर्व्हरवर एक छोटी मजकूर फाइल लिहून घेतली: मुख्य फाइल कुठे, तुकडा-फाइली कुठे आणि त्यांचं शेपूट काय, लॉग कुठे, आधी रीरीड मग अपडेट. चार ओळी. नंतर एकदा त्या सर्व्हरवर गेलो तर त्याने खाली पाचवी ओळ स्वतःहून घातलेली दिसली: शेवटी ओ-आर, ई-आर नाही.